आजीचा चेहरा दुरुस्त करताना

आजीचा आमच्याकडे एकच फोटो आहे. काकाच्या लग्नातला, घोळक्यातला, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. यंदा आम्ही काही चित्रकारांनी एआयच्या काळातल्या माणसांवर प्रदर्शन करायचं ठरवलं, तेव्हा मी तो फोटो एआयला दिला आणि लिहिलं: नाशिकची तांबट लेन, सत्तरीची बाई, नऊवारी, आडवं कुंकू.

मिनिटभरात चार आज्या हजर. चौघींच्या नाकात भलीमोठी नथ. आजी साधी चमकी घालायची. सांगितलं, लगेच बदललं. हनुवटी रुंद कर म्हटलं, केली. अरुंद कर म्हटलं, तेही केलं. एकतीस चित्रं झाली, आजी काही सापडेना. ही मॉडेल टीव्हीवरच्या मुंग्यांसारख्या ठिपक्यांपासून सुरुवात करतात आणि एकेक थर पुसत शिकलेल्या चित्रांसारखं रूप बाहेर काढतात. अशा शिकवणीसाठी वापरल्या गेलेल्या लायन-५बी या २०२२ च्या संग्रहात चित्र आणि मजकूर यांच्या ५८५ कोटी जोड्या होत्या. पण आमच्या गल्लीतली आजी तिथं कुठून येणार?

मग लॉरेन ली मॅकार्थी या अमेरिकी कलावतीचं काम आठवलं. २०१७ पासून तिनं लोकांच्या घरात कॅमेरे, माइक बसवून त्यांचे दिवे नि कुलपं दूर बसून स्वतः सांभाळली. यंत्राच्या जागी माणूस. म्हटलं, मीही तेच करते. लोक सांगतील, मी काढेन.

कोळशानं एक चेहरा काढला आणि गल्लीत घेऊन गेले. शेजारच्या काकू बघताच म्हणाल्या, "अगं, कपाळ केवढं काढलंस! हे तुझ्या आजोबांचं." पुसलं. चुलतकाका म्हणाले, डावा डोळा बारीक होता, तांब्याचा कण गेलेला. सिन्नरच्या आत्याला व्हिडिओ कॉल लावला तर ती भडकली, "कण नाही, भट्टीच्या धुरानं!" आतून बाबा ओरडले, "तू तेव्हा सासरी होतीस!" घराच्या वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. त्या दिवशी वीस मिनिटं भांडले, फक्त एका डोळ्यावरून. मी मधे पडले नाही.

एआयनं माझ्याशी एकदाही हुज्जत घातली नाही. त्याला आजीचा कुठला डोळा खरा, याची फिकीर नव्हती. इथं प्रत्येकाची आजी वेगळी होती आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटत होती.

तीन आठवड्यांत तो डोळा इतक्यांदा पुसला की कागद तिथं लव आल्यासारखा झाला, मग भोकच पडलं. मागून पातळ कागद चिकटवला आणि परत काढला. तिथली रेघ अजून खरबरीत आहे, मठाराच्या, म्हणजे हातोडीनं ठोके उमटवलेल्या भांड्यावर बोट फिरवल्यासारखी लागते.

प्रदर्शनात एका भिंतीवर एकतीस छापील आज्या लावल्या, समोर तो एकच कागद. खाली दोऱ्याला कोळशाची कांडी बांधली. दुसऱ्या दिवशी गल्लीतले एक म्हातारे तांबट आले. बराच वेळ उभे राहिले. कांडीला हात लावला नाही. अंगठ्यानं हनुवटीची कडा जराशी पुसली आणि म्हणाले, "आता झाली."

मी ती तशीच ठेवलीय. आत्याला अजून दाखवलेली नाही.