जाड अक्षरातली बारीक रेघ

छपाईसाठी मजकुराची मांडणी करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला कोल्हापुरात एक ओळ वर्षातून अनेकदा जुळवावी लागते: 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान'. पन्हाळा तालुक्यातील एका गावाच्या यात्रेसाठी ही ओळ मी प्रथमच रोझा वन या फॉन्टमध्ये मांडली, आणि मोठ्या मथळ्याचा ठळक फॉन्ट म्हणजे काय, हे मला त्या कामात खऱ्या अर्थाने उमगले.

इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट २०१४ साली आला. टिम डोनाल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल हे त्याचे रचनाकार असून तो मुक्त परवान्याखाली सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिप्या आहेत. त्यातील रोमन अक्षरे ज्या घराण्याची आहेत, ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जन्मले. इटलीतील पार्मा येथील मुद्रक बोडोनी आणि पॅरिसचे दिदो हे मुद्रकांचे घराणे यांनी पुस्तकांसाठी जाड-बारीक रेघांतील अंतर वाढवत नेले होते. जाहिरातीच्या युगाने त्याच अक्षरांचे उभे दांडे आणखी फुगवले, मात्र बारीक रेघा बारीकच ठेवल्या. पुढे १८२७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी लाकडी टाइप, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, यंत्राने कोरण्यास सुरुवात केली आणि शिशाच्या खिळ्यांना न झेपणारी हातभर उंचीची अक्षरे भिंतींवर दिसू लागली.

रोमन अक्षराच्या टोकांना असणारे आडवे पाय, म्हणजे सेरिफ, देवनागरीत नसतात. आपल्या लिपीला शिरोरेषा आहे, आणि जाड-बारीकपणाची परंपरा तर बोरूमुळे पूर्वापार आहे. फक्त बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट दिशेला असल्याने आपल्याकडे रेघेचा भार वेगळ्या कलाने पडतो. त्यामुळे रोमन अक्षराची जाडी उचलून देवनागरीवर चढवली की अक्षर सुजल्यासारखे दिसते. रोझामध्ये तसे होत नाही, असे माझे मत आहे. 'मैदान' मधला म मी पडद्यावर वीतभर मोठा करून बराच वेळ पाहिला होता. त्याचा काना खांबासारखा भरभक्कम आहे, आणि त्याच अक्षरात गाठीजवळ रेघ एकदम सडपातळ होते. ती बारीक रेघ आहे म्हणूनच काना इतका जाड वाटतो. सगळ्याच रेघा जाड केल्या असत्या तर पोकळ्या बुजून अक्षराचा नुसता ठोकळा झाला असता.

या बारीक रेघेची किंमत मात्र मोजावी लागते, आणि त्या पोस्टरवर मी ती मोजली. मथळा उत्तम उतरला होता. त्या आनंदात मी खालची मल्लांची आणि वस्तादांची नावेही त्याच फॉन्टमध्ये, बारा पॉइंट इतक्या लहान आकारात, लाल पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरांत टाकली. पडद्यावर नावे सुरेख दिसत होती. छापून आलेल्या कागदावर मात्र शाई पसरून पांढऱ्या बारीक रेघा बुजल्या होत्या. 'वस्ताद' मधला स्त तुटला होता आणि कान्यांची नुसती रांग उरली होती. वर्षभर घाम गाळणाऱ्या पोरांची नावे वाचता येईनात, याचे मला मनापासून वाईट वाटले. पोस्टर पुन्हा छापले, तेव्हा नावे एकसारख्या जाडीच्या मुक्ता फॉन्टमध्ये घेतली. तेव्हापासून छत्तीस पॉइंटांच्या खाली मी रोझा वापरत नाही, आणि एका पोस्टरवर एक-दोन ओळींपलीकडे त्याला जागा देत नाही.

दोन ओळींमधील अंतराचाही येथे वेगळा विचार करावा लागतो. वरच्या ओळीतील 'कु' चा उकार आणि खालच्या 'मै' च्या दोन मात्रा समोरासमोर आल्या की ठळक अक्षरात त्यांची टक्कर होते. अशा वेळी अक्षर लहान करण्याऐवजी मी ओळ दुसऱ्या शब्दापाशी तोडतो.

आणखी एक गोष्ट मी कोणताही ठळक फॉन्ट घेण्यापूर्वी न चुकता पाहतो. 'महालक्ष्मी', 'शाहू' आणि 'कोल्हापूर' हे तीन शब्द टाइप करून ल आणि श मराठी वळणाचे येतात का, हे तपासतो. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण मानले आहेत, तरीही अनेक फॉन्ट हिंदी वळण पुढे करतात. पुस्तकाच्या पानावर ते एखाद्या वेळी नजरेतून सुटेल, पण हातभर उंचीचे परके अक्षर डोळ्यांना खुपतेच.

सध्या एका चप्पल दुकानाच्या पाटीचे काम हाती आहे. मालकांना 'कोल्हापुरी चप्पल' ही अक्षरे अॅक्रिलिकमध्ये कापून हवी होती. नऊ इंच उंचीवर रोझाचा 'प्प' फार देखणा दिसतो, पण कापलेल्या अक्षरात त्याची सर्वांत बारीक रेघ पहिल्याच पावसाळ्यात तुटण्याची शक्यता आहे. म्हणून अक्षरे न कापता अखंड पत्र्यावर छापावीत, असे मी त्यांना सुचवले आणि कागदावर पूर्ण आकाराचा नमुना काढून दुकानासमोर लावून दाखवला. रस्त्याच्या पलीकडच्या कडेवरून त्यांनी तो पाहिला आणि पत्र्याला होकार दिला.