जूनमध्ये येतील
(माजी विद्यार्थिनीचे मनोगत)

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचा निरोप आला आणि मला पहिली आठवली ती दिवाळीनंतरची हजेरी. १९८२ साली मी पाचवीत होते. सुट्टी संपून शाळा भरली, की आमच्या धनगरवाडीतल्या पोरांच्या नावापुढं गुरुजी गैरहजेरी मांडत जायचे. पोरं तोवर मेंढरांमागं घाट उतरलेली असायची. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं. कोकणात भात कापलेल्या खाचरांत रात्री कळप बसवायचा. लेंड्यांचं खत शेताला, बदल्यात भात आम्हाला. मिरगाच्या आत पुणे जिल्ह्यातल्या आमच्या सुप्याच्या माळावर परत, कारण तिकडच्या ओलीत मेंढरांचे खूर सडतात.

त्या वर्षी गुरुजी आमच्या छपरात येऊन बसले. "पोरगी आजीजवळ राहू दे," एवढंच आबांना म्हणाले. आबा बराच वेळ बोलले नाहीत. पण आमच्या छपरात दिवाळीनंतरही चूल पेटली. पुढच्या साली आणखी दोन घरांनी म्हातारी माणसं मागं ठेवली, लेकरांसाठी. मग कुडाच्या जागी दगडमातीच्या भिंती आल्या, वर पत्रा आला. जुनी छपरं ओढ्याकडेला होती. नवी घरं शाळेच्या वाटेवर झाली. वाडी आज तिथंच आहे, स्लॅबची.

माळ मात्र आटला. विहिरी, बोअर आणि पुढं जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, तसे लोकांनी माळ नांगरले. ते मला चूक वाटत नाही; आमच्याही घरात त्यामुळं बारमाही धान्य आलं. पण उरलेल्या कुरणाला कागदावर 'पडीक' म्हणतात, ते मला सोसत नाही. आजी मारवेल आणि कुसळी नुसत्या हाताला लागली तरी ओळखायची. त्याच गवतावर चिंकारा जगतो, त्याच्यासाठी १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झालं. काही माळांवर गिरिपुष्पाची झाडं लावली. मेंढरू त्याच्याखाली काय चरणार?

२०२० च्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. ते योग्यच झालं. तरी तोंडातलं नाव लवकर सुटत नाही, माझ्याही.

वाडीतली तीन घरं अजून दिवाळीनंतर निघतात. कोकरं आता टेम्पोतून पुढं जातात. त्या घरांतली दोन मुलं यंदा आपल्या सातवीत आहेत. शिक्षकांना माझी विनंती आहे, त्यांच्या बाकावर दुसऱ्या कुणाला बसवू नका. जूनमध्ये ती येतील.