कथलाची टोपी

आज आखाड्यातल्या शोभेच्या ठासणीच्या बंदुकीची दुरुस्ती केली. प्रतिकृतीच आहे, नळी भरीव. पण दस्ता शिसवीचा आणि हातानं घडवलेला. दस्त्याच्या पुढच्या टोकाची कथलाची टोपी अर्धी तुटून गेली होती.

उद्यमनगरातल्या कारखान्यांत १४०० अंशांचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतताना बघत वाढलेल्या माणसाला कथील म्हणजे नवल वाटतं. २३२ अंशांना वितळतं, घरच्या गॅसवरसुद्धा. थोडं अँटिमनी आणि तांबं मिसळलं की कडकपणा येतो. शिसं मात्र मी घालत नाही.

वस्ताद शेजारीच उभे. "लाकूड जळंल की रं पोरा!"

"नाही वस्ताद, जळायच्या आत धातू थिजतोय बघा."

खरी मेहनत ओतण्याआधीची. जुना तुकडा काढला, लाकडात खाचा घेतल्या, दोन आडवी भोकं पाडली. रस त्यात शिरून घट्ट बसतो, टोपीला खिळा लागत नाही. रस चिकटू नये म्हणून नळीला मेणबत्तीची काजळी धरली, भोवती पुठ्ठा गुंडाळून सुतळीनं आवळला. सगळं कोरडं ठणठणीत हवं. ओलावा राहिला तर रस थेट तोंडावर उडतो. रसात काडी बुडवली, ती तपकिरी झाली, म्हणजे ताप पुरेसा, आणि एका दमात ओतलं.

पुठ्ठा सोडला तेव्हा कडेला एक पोकळी दिसली. तिथं झाळून भरून घेतलं आणि कानस मारली. सांधा बोटाला लागत नाही, याचा फार आनंद झाला!

बार ठासायचा गज दस्त्याखाली अडकवायच्या नळकांड्या राहिल्यात. त्या पितळेच्याच करणार, रोजच्या घासण्यानं कथील झिजतं.