पंखा मोकळा सोडावा की अडकवून ठेवावा?

आमच्या तीस फुटी शिडाच्या बोटीला तीन पात्यांचा, न मिटणारा पंखा (इंजिननं फिरणारा, पाण्याखालचा प्रोपेलर) आहे. मुंबई बंदरातून मांडव्याकडे निघालो, शिडं भरली आणि इंजिन बंद केलं की पाण्याच्या ओघानं तो आपसूक फिरायला लागतो. ‘गिअर टाकून तो अडकव, फिरणारा पंखाच बोटीला जास्त मागे ओढतो, हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तरी पाती फिरत राहतात म्हणूनच ते सावकाश उतरतं,’ असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं.

आधी गिअरबॉक्सचं पुस्तक काढलं. सुरुवात तिथूनच करावी, वेगाचं नंतर बघता येतं. काही हायड्रॉलिक गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून शाफ्ट (पंख्याचा दांडा) तासन्‌तास फिरला तर आत तेल पोचत नाही, म्हणून तिथे शाफ्टला ब्रेक लावावा लागतो. आमचा गिअरबॉक्स मेकॅनिकल. न्यूट्रल (पंखा मोकळा) चालेल, रिव्हर्सही (पंखा अडकलेला) चालेल, फॉरवर्ड मात्र अजिबात नाही, असं पुस्तकात स्पष्ट होतं.

मग मोजायला घेतलं. जीपीएसचा वेग इथे कामाचा नाही, कारण बंदरात भरती-ओहोटीचं पाणी जोरात वाहतं आणि तो वेगही त्यात मिसळतो. म्हणून तळाच्या लॉगची (पाण्यातला वेग मोजणाऱ्या यंत्राची) चक्री घासून साफ केली आणि पाण्यातला वेग धरला. वारा आडवा, शिडं तीच, दिशा तीच. न्यूट्रलमध्ये साडेचार नॉटच्या आसपास. रिव्हर्स टाकला की आकडा चारकडे उतरायचा, मोकळा सोडला की पुन्हा चढायचा.

याचं कारण सरळ आहे. अडकवलेलं पातं पाण्याला जवळजवळ फळीसारखं आडवं उभं राहतं आणि त्याच्यामागे भोवरे उठतात. मोकळं पातं मात्र फिरता फिरता पाणी कापत जातं. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली पंखे टाकीत ओढून हेच दाखवलं: जास्त वेगाला अडकवलेल्या पंख्याची ओढ मोकळ्याच्या दुपटीपर्यंत गेली. पण त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. शाफ्टला घर्षण किती, यावर मोकळ्या पंख्याची ओढ बरीच बदलते.

म्हणून मी बोटीच्या आतल्या जमिनीची फळी उचलून शाफ्टवर पांढरी टेप चिकटवली. पंखा अडखळतोय की सलग फिरतोय, ते टेपवरून लगेच कळतं. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून थेंब पडत होते आणि बाहेरून हात लावला तर ती गार होती. ती तापली असती तर आधी तिच्यात शाफ्टभोवती भरलेलं पॅकिंगच बघितलं असतं.

आता पंखा मोकळाच असतो. त्यानं रबरी बेअरिंग थोडं लवकर झिजेल, मागच्या केबिनमध्ये घरघर ऐकू येते. दोन्ही मला चालतं. अपवाद मासेमारीच्या डोल जाळ्यांच्या पट्ट्याचा. फिरता पंखा दोर गुंडाळून घेतो, म्हणून तिथे बोट हळू करून रिव्हर्स टाकतो. इंजिन सुरू करण्याआधी आठवणीनं न्यूट्रल. गिअरचा दांडा घट्ट बसला असेल तर बोटीचं तोंड वाऱ्यात घ्या, वेग पडला की तो सुटतो.