दृढीकरणाच्या अर्जातलं चौथं वाक्य

तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी आपला विश्वास बिशपसमोर स्वतः पत्करायचा, याला आमच्या मंडळीत दृढीकरण म्हणतात. त्याचा अर्ज एका पानाचा असतो. नाव, जन्मतारीख, बाप्तिस्मा कधी आणि कुठल्या मंडळीत झाला, आईवडिलांची नावं. खाली काही वाक्यं छापलेली असतात आणि त्यांच्याखाली आपली सही. आमच्याकडच्या अर्जातलं चौथं वाक्य होतं : येशू ख्रिस्त खरा देव व खरा मनुष्य आहे असा माझा विश्वास आहे. या एका वाक्यापायी माझं दृढीकरण वर्षभर लांबलं. वाक्य अवघड होतं म्हणून लांबलं असतं तर मला काही वाटलं नसतं. त्याबद्दल विचारायलाच बंदी होती, याचा राग अजून गेलेला नाही.

माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मंडळीत. पुढे शिक्षण, मग पुण्यात नोकरी. नाताळ आणि ईस्टरला उपासनेला जायचे, पण प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या वेळी सगळे पुढे जात आणि मी बाकावरच बसून राहायचे, कारण दृढीकरण झालेलं नव्हतं. तिशी उलटल्यावर ठरवलं की आता हे करायचं. कुणी मागे लागलं नव्हतं. बाप्तिस्म्याचा दाखला गावाहून चुलतभावाने आणून दिला. शनिवारी संध्याकाळी वर्ग असायचा. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, संस्कार, उपासनेचं वर्ष हे सगळं सुरळीत पार पडलं, त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

मग आला येशूच्या देवपणाचा शनिवार. वर्ग घेणाऱ्यांनी तो विषय प्रार्थनेसकट अर्ध्या तासात उरकला. मी हात वर केला. येशू गेथशेमाने बागेत पित्याची प्रार्थना करतो, तो स्वतः देव असेल तर प्रार्थना कुणाची करतो? मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तो म्हणतो की शेवटच्या दिवसाविषयी पुत्रालाही, म्हणजे त्याला स्वतःलाही, ठाऊक नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे. हे कसं समजून घ्यायचं? उत्तर मिळालं, "ताई, हे भल्याभल्यांना कळलं नाही. आपण फक्त विश्वास ठेवायचा." पुढच्या शनिवारी पुन्हा विचारलं तेव्हा ऐकायला मिळालं की संशय सैतानाकडून येतो. वर्गात बहुतेक पंधरा-सोळा वर्षांची मुलं होती. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाने हात अर्धा वर नेला होता, हे ऐकून त्याने तो खाली घेतला. माझं सोडा, मी मोठी आहे, कुठूनतरी उत्तर शोधून काढीन. त्या मुलाचं काय?

चौथ्या वाक्याखाली मी सही केली नाही. मंडळीच्या कार्यालयातून निरोप आला की सही नसेल तर यादीत नाव जाणार नाही. बिशपसाहेब आमच्याकडे दृढीकरणाला वर्षातून एकदाच येतात. पाळकसाहेबांशी बोलायला वेळ मागितला, तर "आधी वर्गात विचारा" असं सांगण्यात आलं. वर्गातून कार्यालयात आणि कार्यालयातून वर्गात. शेवटी बाकीच्यांचं दृढीकरण झालं आणि माझा अर्ज फायलीत राहिला.

   

त्या वर्षात माझ्या मदतीला आले ते एक निवृत्त पाळक. मंडळीतल्या एका मावशींनी त्यांच्याकडे जायला सुचवलं. "सलाम बाबा" म्हणून बसले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझा प्रश्न जुना आहे. मंडळीने त्याच्यावर किती वर्षं घालवली, तुला माहीत आहे का?"

मला नव्हतं माहीत. सन ३२५ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या निकेया गावात, सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या परिषदेत बिशप जमले ते याच प्रश्नासाठी. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा एक पाळक शिकवत होता की पुत्र सर्वांत श्रेष्ठ असला तरी निर्माण केलेला आहे, आणि तो नव्हता असाही एक काळ होता. परिषदेने उत्तर दिलं की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, म्हणजे पित्याइतकाच देव आहे. वाद तरीही मिटला नाही. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस परिषदेच्या बाजूने उभा राहिला म्हणून त्याला पुन्हा पुन्हा हद्दपार व्हावं लागलं. आपण उपासनेत म्हणतो तो निकेयाचा विश्वासांगीकार आजच्या रूपात ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेकडून आला. आणि खरा देव व खरा मनुष्य, दोन्ही पूर्ण, एकात एक मिसळलेले नाहीत आणि वेगळेही केलेले नाहीत, हे ४५१ साली खाल्किदोनच्या परिषदेत ठरलं. म्हणजे सव्वाशे वर्षं विद्वान बिशप ज्यावर भांडले, ते आम्हाला अर्ध्या तासात उरकून दिलं आणि वर विचारू नका म्हणून सांगितलं.

खाल्किदोनचं ते उत्तर मला प्रार्थनेच्या प्रश्नासाठी पुरलं. येशू अर्धा देव आणि अर्धा माणूस असता तर त्याची प्रार्थना हा देखावा ठरला असता. तो पुरता माणूस आहे म्हणून बागेत त्याला घाम फुटतो, म्हणून तो पित्याला हाक मारतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केलं. न कळण्याची मर्यादाही त्या रिक्त होण्यातच येते, असं बाबांनी समजावलं.

पण उत्तर पटणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं. माझी खरी अडचण पुढची होती. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणायच्या, "येशूला आम्हीपण मानतो की." आपल्याकडे थोर माणसाला देवमाणूस म्हणणं, देवाचा अवतार म्हणणं सहज घडतं. मग पहिल्या शिष्यांनीही प्रेमापोटी आपल्या गुरूला देव केलं असेल, असं मला वाटायचं. बाबा म्हणाले, ते कोण होते ते बघ. ते यहूदी होते. आपला देव एकच आहे, हे ते लहानपणापासून रोज घोकत. माणसाला देव मानून त्याच्यापुढे गुडघे टेकणं त्यांच्या लेखी महापाप होतं. यशया ४५ मध्ये परमेश्वर शपथ वाहून सांगतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. तीच ओळ पौल, नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या परूशी पंथातला कट्टर पौल, फिलिप्पैच्या त्याच अध्यायात येशूला लावतो, आणि तेही वधस्तंभानंतरच्या तीसेक वर्षांत. दंतकथा वाढायला इतका काळ कमी आहे असं नुसतं म्हणून भागत नाही. अशा माणसांच्या तोंडून हे शब्द निघायला काहीतरी जबरदस्त घडलेलं असावं लागतं.

दुसरं त्यांनी दाखवलं ते माझ्या मनात अजून घोळतं. सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन सुभेदार सम्राट त्रायानला लिहितो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची गीतं गातात. तो सुभेदार बिथुनिया प्रांताचा, आणि निकेया त्याच प्रांतातलं. परिषद भरली त्याच्या दोनशे वर्षं आधी तिथली साधी माणसं, त्यांत गुलाम बायकाही होत्या, जीव धोक्यात घालून हे गात होती. बिशपांनी पुढे नेमके शब्द शोधले, पण भक्ती आधीपासून चालू होती.

हे कळलं आणि मी मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचून काढलं. दोन तासही लागत नाहीत. योहानापासून सुरुवात करू नका, मार्कापासून करा, हा माझा सगळ्यांना आग्रह आहे. योहान पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो की शब्द, म्हणजे येशू, देव होता. मार्क तुम्हाला त्या होडीत बसवतो आणि शिष्यांबरोबर विचारायला लावतो की वारा आणि समुद्रही ज्याचं ऐकतात तो हा आहे तरी कोण. दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडतात आणि येशू आधी त्याच्या पापांची क्षमा करतो. तिथे बसलेले शास्त्री, म्हणजे यहूदी नियमशास्त्राचे जाणकार, मनात म्हणतात की देवावाचून क्षमा कोण करू शकतो? त्यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणूनच तो अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचला. येशू त्यांना चुकीचं ठरवत नाही. तो त्या माणसाला उठून चालायला लावतो.

नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. ते वाचताना मी एकटीच होते आणि मोठ्याने रडले. येशू त्या बापाला परत पाठवत नाही, आधी अविश्वास संपवून ये म्हणत नाही. पुनरुत्थानावर संशय घेणाऱ्या थोमा या शिष्यालाही तो दरडावत नाही. थोमाने मागितलेला पुरावा, आपल्या जखमा, त्याच्यासमोर धरतो, आणि मग थोमा म्हणतो, माझा प्रभू व माझा देव. त्या रात्री मी गुडघे टेकले आणि येशूशी पहिल्यांदा देवाशी बोलावं तशी बोलले. सही त्यानंतर केली.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला कुणी वर्गात सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. बाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटिजला २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. त्यानंतरही त्र्यैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताचं देवपण यांवर त्या तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आले ती दुसऱ्याचं जोखड घ्यायला नाही, असं त्यांनी ठणकावून कळवलं. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनीच साक्ष दिली की ख्रिस्ती धर्म आधी मिळाला होता, ख्रिस्त नंतर भेटला. संपूर्ण बायबलचं त्यांनी केलेलं मराठी भाषांतर केडगावला छापलं गेलं आणि १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पूर्ण होऊन बाहेर आलं. प्रश्न विचारणाऱ्या बाईला संशयी म्हणून कुणी बाकावर बसवून ठेवलं असतं तर यातलं काय झालं असतं?

पुढच्या वर्षी बिशपसाहेब आले. लहानपणी तुमच्या वतीने दिलेली वचनं आता स्वतः पत्करता का, असं विचारलं. मी "पत्करते" म्हटलं ते इतकं मोठ्याने की शेजारची मुलगी दचकली. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि मी प्रभुभोजनाला पुढे गेले. न समजता सही केली नाही, याचा मला त्या क्षणी फार आनंद होता.

वर्गात अडवलं तर थेट पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, सभासदाला भेटा, कार्यालयात खेपा घालू नका. प्रश्न कागदावर लिहून, शास्त्रातल्या वचनांसह द्या, म्हणजे कुणाला तो टाळता येत नाही. मी तसंच केलं आणि कमिटीने यंदापासून या विषयाला तीन शनिवार दिले आहेत. पहिल्या शनिवारी मार्क २ आणि ९, दुसऱ्या शनिवारी यशया ४५ आणि फिलिप्पै २, तिसऱ्या शनिवारी फक्त मुलांचे प्रश्न. तो तिसरा शनिवार माझ्याकडे आहे.