आमची वाटचाल: सातवं पान

इंदूरच्या रामबागेत आत्याच्या माडीवर मी आणि मामेभावाने पाटी लावली, तेव्हा पुंजी म्हणजे दोन संगणक, एक इन्व्हर्टर आणि छावणी मंडीतले एक सेठजी. सेठजींना भावफलक हवा होता. सोयाबीनची बोली सुटली की पेढीवरच्या सगळ्या पडद्यांवर भाव लगेच दिसला पाहिजे.

फलक एल्ममध्ये, म्हणजे वेबपानं बनवायच्या एका कमी प्रचलित भाषेत, लिहिला म्हणून लोक हसले. रात्री दोनला जावास्क्रिप्टची 'अनडिफाइन्ड इज नॉट अ फंक्शन' ही एरर बघत ज्यांनी डोकं धरलंय, ते हसणार नाहीत. भाव पोचवायला सर्व्हर-सेंट इव्हेंट्स: एक जोडणी उघडी ठेवायची आणि सर्व्हर तिच्यावरून एकेक भाव पाठवत राहतो. भाव सर्व्हरकडून पडद्याकडे जातो, उलटा येत नाही. मग वेबसॉकेटचा दुहेरी रस्ता कशाला बांधायचा? एल्मच्या 0.18 आवृत्तीत इव्हेंटसोर्सभोवती (ही जोडणी ब्राउझरच्या बाजूने सांभाळणारी सोय) आमचं एक छोटं नेटिव्ह मॉड्यूल, म्हणजे एल्मच्या आत बसवलेलं जावास्क्रिप्ट, होतं, त्यावर सुखात चाललं होतं. ऑगस्ट 2018 मध्ये 0.19 आलं आणि आमच्यासारख्यांसाठी ते दार बंद झालं. एल्मच्या स्वतःच्या पॅकेजांत इव्हेंटसोर्स नव्हताच.

मामेभाऊ म्हणाला, एल्म सोड, जावास्क्रिप्टच्या रिअॅक्टवर चल. मी नाही म्हटलं. तो पुण्याला गेला. माडीचं भाडं मात्र माझ्याच माथी.

मग पोर्ट्स, म्हणजे एल्म आणि जावास्क्रिप्टमधली निरोपाची खिडकी. जावास्क्रिप्टच्या बाजूला जेमतेम तीस ओळी: इव्हेंटसोर्स उघडायचा, आलेला मजकूर पोर्टवर ढकलायचा, बाकी सगळं एल्ममध्ये. नव्या पोरांना सांगतो, विचारलं नसलं तरी: पोर्टवर थेट रेकॉर्डचा टाइप लावू नका. कच्ची व्हॅल्यू घ्या आणि ती तपासून उलगडणारा स्वतःचा डीकोडर चालवा. नाहीतर सर्व्हरने एखादे दिवशी आकड्याऐवजी अक्षरं पाठवली की पोर्टवरच एरर फुटते, आणि एल्मला कळतही नाही.

आता दसऱ्यानंतरची गोष्ट. आवक जोरात, मंडीत ट्रॉल्यांची रांग, आणि फलक अडकला. सौद्याचं बटण दाबलं की नुसतं गोल फिरत राहायचं. त्याच सुमारास, आमच्याकडेच लूप लिहायला शिकलेला एक मुलगा स्वतःचा वेबसॉकेटचा फलक घेऊन मंडीत फिरत होता. 'त्यांचं तंत्र जुनं झालंय' एवढंच सांगायचा. तीन पेढ्या त्याच्याकडे गेल्या. दोन आठवडे मी लॉग चाळत होतो, आत्या जेवायला हाका मारून थकली.

दोष सापडला तो सेठजींना. एकेका मालाचं पान ते वेगळ्या टॅबमध्ये उघडत. फोनवर म्हणाले, "भैया, छह चलते हैं, सातवाँ नहीं खुलता. गिन के देख लो." सातवं पान डॉलर चन्याचं. ऐकलं आणि कानशील तापलं. एचटीटीपी 1.1 वर, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरमधल्या बोलण्याच्या जुन्या पद्धतीत, ब्राउझर एका पत्त्याला सहाच जोडण्या देतो, आणि इव्हेंटसोर्स आपली जोडणी सोडतच नाही. सहा टॅबांनी सगळी दारं अडवली, सौद्याची विनंती बाहेर ताटकळत उभी. उपाय एचटीटीपी 2, त्यात एकाच जोडणीवर अनेक विनंत्या चालतात, पण ब्राउझर तो सुरक्षा प्रमाणपत्राशिवाय (एचटीटीपीएस) करत नाहीत आणि आमचा सर्व्हर पेढीच्या कपाटात साध्या एचटीटीपीवर बसलेला. त्या रात्री प्रमाणपत्र बसवलं. आता एकाच जोडणीवर सगळी पानं.

सेठजी तेव्हा आम्हाला सोडून गेले असते तर आज ही पाटी नसती. उलट त्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ दिले.

पुढची चार-पाच वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्या मुलाच्या फलकाचं काय झालं तेही सांगतो. वीज जाऊन आली की त्याचा पडदा शिळाच भाव दाखवत राही. तुटलेलं वेबसॉकेट आपणहून जुळत नाही, ते कोड लिहून जुळवावं लागतं आणि त्याने लिहिलं नव्हतं. इव्हेंटसोर्स दोन-चार सेकंदांत स्वतःच परत जोडतो, शेवटी मिळालेल्या भावाचा आयडी सर्व्हरला सांगतो, आणि मधले चुकलेले भाव आमचा सर्व्हर पुन्हा पाठवतो. आमच्या पडद्यावर शिळा भाव राहिला नाही. पण हे मंडीत कोण बोललं? कोणीच नाही.

गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. दादा, भाव एकदम गठ्ठ्याने येतात, एकेक येत नाहीत. म्हणजे स्वारी आता वेबसॉकेट सोडून आमच्याच सर्व्हर-सेंट इव्हेंट्सच्या रस्त्यावर आली होती. एन्जिनेक्समध्ये (सर्व्हरच्या पुढे बसून विनंत्या पुढे पाठवणारा मध्यस्थ) प्रॉक्सी बफरिंग, म्हणजे उत्तर साठवून ठेवणं, बंद कर म्हणालो, आणि दर पंधरा सेकंदांनी कोलनने सुरू होणारी एक ओळ पाठव, तिच्याकडे ब्राउझर दुर्लक्ष करतो, नाहीतर साठ सेकंद शांतता झाली की एन्जिनेक्सच जोडणी तोडेल. त्याने लिहून घेतलं. फराळाला ये असं काही मी म्हटलं नाही.