तुम्ही विचारलंत म्हणून: दोन बॅगा आणि एक ओढा

अमेरिकेत सेंट लुईसला नवीन आलेलं मराठी कुटुंब आमच्याकडे जेवायला आलं, की ताटं उचलता उचलता कुणीतरी हमखास विचारतं, "तुमच्या शेजारच्या त्या ब्लॅक बाईंशी तुम्ही वर्णभेदावर वगैरे मोकळेपणानं बोलता म्हणे. कसं जमतं हो? आपण बोलायला जायचं एक आणि त्यांना लागायचं भलतंच."

विचारलंत म्हणून सांगते. पण आधी एक गंमत. घर आपलं, भाषा मराठी, ऐकायला चार मराठी माणसं, तरी 'ब्लॅक' म्हणताना तुमचा आवाज खाली आला. बाईंनी मला हे कधीच सांगून ठेवलंय. "दुकानात तुम्ही तुमच्या भाषेत बोलता, मला एक शब्द कळत नाही. पण आवाज बसतो, डोळे माझ्याकडे येऊन जातात आणि मग कुणीतरी हसतं. तेवढं पुरतं मला." आपल्यातले काहीजण 'कल्लू' म्हणतात आणि समोरच्याला पत्ता नाही असं समजतात, त्यांना हे जरूर सांगा.

बाई गणिताच्या शिक्षिका, आता निवृत्त. पहिली काही वर्षं आमचं बोलणं कोथिंबिरीपुरतं होतं. त्यांच्या अंगणात ती माजायची, माझ्याकडे चार काड्यांवर जळून जायची. मग ऑगस्ट 2014 मध्ये आमच्याच काउंटीत, फर्ग्युसनला, मायकेल ब्राउन हा 18 वर्षांचा ब्लॅक मुलगा पोलिसाच्या गोळीनं गेला. मी डबाभर शिरा घेऊन बाईंकडे गेले. सांत्वनाला गेले होते खरी, पण दहाव्या मिनिटाला मीच सुरू झाले: "आम्हीसुद्धा दोन बॅगा घेऊन आलो हो. आम्हाला कुणी काही दिलं नाही. कष्ट केले, मुलांचा अभ्यास घेतला…"

बाईंनी चमचा खाली ठेवला. "बॅगेत काय होतं?"

"कपडे, कुकर, मसाले."

"आणि डिग्री?"

"हो. नवऱ्याची इंजिनिअरिंगची, माझी एम.एस्सी."

"वडील?"

"बी.एस्सी. बँकेत होते."

"आजोबा?"

"हेडमास्तर."

"मग दोन बॅगा कसल्या?" एवढंच म्हणून त्यांनी शिऱ्यातला बेदाणा बाजूला काढला. त्यांना बेदाणे आवडत नाहीत.

त्या दिवशी मी चिडून घरी आले, हे कबूल करते. महिनाभर कोथिंबीरसुद्धा विकत आणली. आपण सहानुभूती घेऊन जावं आणि समोरच्यानं आपलाच हिशेब मांडावा, हे कुणाला आवडतं?

मग एका रविवारी त्यांनीच गाडीत बसवून लाबादी अ‍ॅव्हेन्यूवर नेलं. विटांचं एक साधं दुमजली घर. 1945 साली शेली नावाच्या ब्लॅक कुटुंबानं ते विकत घेतलं. शेजारच्या गोऱ्या घरमालकांनी 1911 सालीच करार केला होता, की या घरांत 'निग्रो किंवा मंगोल वंशाचा' माणूस राहता कामा नये. 39 पैकी 30 मालकांच्या त्यावर सह्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1948 मध्ये निकाल लागला, की असे करार कोर्टानं राबवून द्यायचे नाहीत. तरी घर विकताना-भाड्यानं देताना वंश बघायला कायद्यानं बंदी आली ती 1968 साली. बाई तेव्हा शाळेत शिकत होत्या. एवढ्या वर्षांत ज्याला घर घेता आलं त्याचं घर वाढत्या किमतीचं झालं, आणि ते मुलांना मिळालं. ज्याला घेता आलं नाही त्याच्या मुलांना काय मिळालं, हे गणिताच्या बाईंनी मला सांगायची गरज नव्हती.

परतताना डेलमार बुलेव्हार्ड ओलांडला. उत्तरेला बहुतेक ब्लॅक वस्ती, दक्षिणेला बहुतेक गोरी. मी पटकन बोलून गेले, की आम्ही या गावात आलो त्या पहिल्याच आठवड्यात एका मराठी काकूंनी बजावलं होतं, डेलमारच्या पलीकडे जायचं नाही. बाईंनी विचारलं, "तुझ्या गावात होतं असं काही?"

इथे नेहमीसारखं "आमच्याकडे असलं काही नाही" म्हणता आलं असतं. पण गाडीत आम्ही दोघीच होतो. सांगितलं. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, देवळाशेजारी आमचा वाडा. आजी म्हणायची, ओढ्यापलीकडे जायचं नाही. पलीकडे महारवाडा. तिकडची बाई वाड्यावर आली की अंगणातच थांबायची, आजी तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतायची.

तुम्ही 'कसं जमतं' विचारता ना, ते त्या गाडीत जमलं. तोवर बाईंच्या वाट्याला काय आलं हे मी खोदून खोदून विचारत होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या घरानं काय केलं ते सांगितलं. त्यानंतर बाई माझ्याशी खऱ्या बोलू लागल्या, अगदी स्वतःच्या मुलाच्या तक्रारींसकट.

पुन्हा शहाणपणा केलाच मी. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. बाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, "ते लिहीत कुणाच्या विरुद्ध होते?"

"आमच्या," मी म्हटलं. दोघी हसलो. माझं हसू जरा उशिराच आलं.

बाकी किरकोळ पथ्यं तुम्हाला सुचतीलच. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड हे ब्लॅक गृहस्थ पोलिसाच्या हातून गेले तेव्हा बाईंचा फोन आठवडाभर वाजत होता. ज्याला-त्याला त्यांच्याकडून "तू तसा नाहीस" असं ऐकायचं होतं. मी त्यांच्या अंगणातलं गवत कापलं आणि घरी आले.

गेल्या महिन्यात बाईंनी विचारलं, "ओढ्यापलीकडून पाणी प्यायला यायची ती बाई. तिचं नाव काय?" मला सांगता येईना. रात्री गावी काकांना फोन लावला. बराच वेळ पलीकडून टीव्हीचाच आवाज येत राहिला. मग काका म्हणाले, "नाव? नाव कोण विचारतंय, तू का ती शेजारीण?"